मैनाच्या धवल्यांची दुसरी प्रत

६ ऑक्टोबर २०२४, रविवार
आलो बुवा एकदाचा हरिहरेश्वरला. बंगला मालकाचा, देखरेख माझी. मागच्या दोन खोल्या मला दिल्यात. पाठीमागे माडाची वाडी, त्यापलीकडे समुद्र. न्हावा शेव्याच्या यार्डात तीस वर्षं कंटेनरचे नंबर टिपले. त्यापुढे इथलं काम म्हणजे आरामच. नळ सोडायचा, झाडलोट करून घ्यायची, पाहुणे आले की चावी द्यायची.

लॅपटॉप खिडकीशी मांडला. सगळ्यात आधी मैनाचा एक धवला लावला. नव्या घरात पहिला आवाज तिचाच हवा. माझी बायको मैना धवलारीण, लग्नातली ही गाणी म्हणणारी. उरणपट्ट्यात तिच्या धवल्याशिवाय हळद लागायची नाही. ती वारण्याआधी दोन वर्षं मी तिला फोनसमोर बसवून एकेचाळीस धवले भरून घेतले. ती वैतागायची, म्हणायची, मेल्या डब्याला काय हळद लावायची हाय का? पण गायची. आणि प्रत्येक धवला संपला की विचारायची, अवो, च्या ठेवू का? मी म्हणायचो, ठेव. तेही सगळं त्यात आलंय.

१ डिसेंबरला आमच्या हेमालीचं लग्न. पोरीने एकच मागितलंय: बाबा, हळदीला आईच गायला हवी.

९ ऑक्टोबर, बुधवार
आज लॅपटॉप बंद पडला. पडदा काळा. तासभर छातीवर हात ठेवून बसलो. मग आपसूक चालू झाला. खारी हवा, दुसरं काय. इथे कडीकोयंडा वर्षात गंजतो, तिथे या नाजूक जिवाचं काय!

हेमालीला सांगितलं, तर तिने मला झापलंच. अजून एकच प्रत ठेवलीत? क्लाउडवर टाका म्हणाली. इथे नेटचा एक दांडा, तोही जिन्यावर उभं राहिलं तर. दिवसभरात अर्धा धवलासुद्धा वर चढेना. शेवटी श्रीवर्धनला जाऊन हार्ड डिस्क आणली. कॉम्प्युटर मला कुणी शिकवला नाही, बटणं दाबत दाबत शिकलो, पण अशी सोय लावली की डिस्क जोडली की दोन्हीकडे आपोआप सारखंच व्हावं. एकीकडे जे असेल ते दुसरीकडे. स्वतःची पाठ थोपटून घेतली.

१३ ऑक्टोबर, रविवार
डिस्क ठेवायची कुठे? आमची शेती खारजमिनीतली. बांधाला खांड पडली की समुद्र घरात यायचा आणि कणगीतलं बियाणं भिजायचं. म्हणून प्रत्येक जण आपलं थोडं भाताचं बी दुसऱ्याच्या घरी ठेवायचा. ठेवणाराही ते परत देताना आपल्या घरचं मूठभर त्यात घालायचा. रिकामा हात बरा दिसत नाही म्हणून.

शेजारी येसूबाई आहे. सत्तरीची, एकटी. आल्या दिवसापासून माझ्याकडे रोज आमटीची वाटी येते. डिस्क पितळी डब्यात घालून तिच्याकडे दिली आणि वर हा रिवाजही हसत हसत सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, मंग मी बी घालीन हो मूठभर. मी म्हटलं, घाल की.

४ नोव्हेंबर, सोमवार
दिवाळीला हेमाली येऊन गेली. तिने आणलेले घरचे जुने फोटो चढवायला डबा परत आणला. डिस्कखाली एक हळकुंड, पिवळ्या दोऱ्यात बांधलेलं. नवऱ्यामुलाच्या मनगटाला हळदीत बांधतात ते काकण. दोरा ओलसर.

डिस्क जोडली. दोन्हीकडे सारखं झालं. धवले मोजले तर बेचाळीस. शेवटच्याला नावच नाही. लावला. लाटांचा आवाज, आणि कुणीतरी खोकतंय. बास, एवढंच.

येसूबाईला विचारलं. तिचा भाऊ मोरू. चाळीस वर्षांपूर्वी हळद लागली, दुपारी होडी घेऊन गेला, आला नाही. मडंही मिळालं नाही. येका फोटूत बी न्हाय तो, म्हणाली. तुमच्या डब्यात मान्सं ऱ्हात्यात ना? म्हनून काकनासंगं घातला त्याला. तिच्या हातावर हात ठेवला आणि आलो.

६ नोव्हेंबर, बुधवार
सातवा धवला लावला. मैना गायली. च्या ठेवू का, म्हणाली.

त्यावर माझं ठेव असायला हवं. तिथे खोकला आहे. मग जाड, पाण्यात बुडाल्यासारखा आवाज: ठेव.

आठवा लावला, मग नववा. सगळीकडे तोच. मी कुठेच नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार
बेचाळिसावी फाइल पुसली. डिस्क जोडली की ती परत हजर. डिस्कवरून पुसली, तर लॅपटॉपवरून परत. मीच लावलेली सोय. काढून टाकावी म्हणून शोधतोय, पण ते बटणच जागेवर नाही.

आता फोटो. आमच्या लग्नाच्या फोटोत मैनाशेजारी कुणी सडपातळ तरणा उभा. अंगावर कपडे माझेच. मनगटाला काकण. केसांतून पाणी गळतंय.

हेमालीच्या बारशात तो चाळिशीचा. तिच्या पदवीच्या फोटोत म्हातारा. प्रत्येक वर्षी रीतसर वय वाढलंय त्याचं. भेसळीचं बी असंच उगवतं, ओंबी येईपर्यंत ओळखू येत नाही.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
येसूबाईला फोटो दाखवले. तिने पडद्यावर बोटं फिरवली, रडली, हसली. म्हणाली, बाय माझे, संसार झाला गो त्याचा! मी म्हटलं, बाई, तो संसार माझा आहे. काढ त्याला. ती माझ्याकडे बघून अगदी मायेने म्हणाली, जिता असला म्हंजे झालं. कुनाच्या का घरात असंना.

आज आमटीची वाटी आली नाही.

१८ नोव्हेंबर, सोमवार
हेमालीला फोन केला. तिने विचारलं, कोण बोलतंय? मी म्हटलं, अगं बाबा. ती म्हणाली, काका, चुकून लागला वाटतं. बाबा इथे मांडवाचं बघतायत.

मागे कुणीतरी खोकलं.

२५ नोव्हेंबर, सोमवार
एसटीने उरण. माझ्याच दारात उभा. दारावर आंब्याची पानं. हेमाली बाहेर आली, पाणी दिलं — पोरीला वळण चांगलं, मैनाचंच — आणि विचारलं, काका, कुणाकडे आलात?

नाव सांगितलं. बुधाजी. ती म्हणाली, आमच्याकडे या नावाचं कुणी नाही हो.

आतून ओल्या पायांचा आवाज येत होता. फरशीवर. माझ्याकडे. मी निघालो. घाबरलो, खरं लिहितो. पोरीला तिथे सोडून निघालो.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
एकच उपाय. सगळंच पुसायचं. दोन्हीकडचं, एकदम. वेगळं निवडत बसलो तर तो राहतोच. त्याच्याबरोबर मैनाही जाईल. हळदीला ती गाणार नाही. पण पोरीला बाप तरी —

एकेक धवला शेवटचा ऐकला. एक ते एकेचाळीस. मैना, माफ कर गं. पोरीसाठी.

पुसलं. लॅपटॉप कोरा. डिस्क दगडाने फोडली, तुकडे खाडीत. हळकुंडही.

आता तिचा आवाज कुठेच नाही. आठवायला गेलो तर — नाही येत.

३० नोव्हेंबर, शनिवार
हळद आज. सकाळपासून फोन समोर. पोरीने केला तर समजायचं, सुटलो.

दुपारी वाजला. हेमाली.

मागे ढोल, बायका, आणि — मैना. मैना गातेय. स्पष्ट. पहिला धवला. मी तर पुसला होता — मी स्वतःच्या हाताने —

हेमाली म्हणतेय, काका, त्या दिवशी तुम्ही आला होतात, पाणी पिऊन तसेच गेलात, मला चुटपुट लागली. हळदीला या. आमच्या बाबांनी आईचे सगळे धवले जपून ठेवलेत, पेनड्राइव्हमध्ये, ते —

धवला संपला. च्या ठेवू का, म्हणतेय मैना. मी ओरडून म्हटलं, ठेव. मैना, ठेव. मी आहे. ऐकतेस ना —

ती थांबली. गाण्यातली. फोनमधून, मला, विचारतेय, कोन वो तुमी —

सांगतो. थांब. माझं नाव. याच वहीत वर लिहिलंय मी, २५ तारखेला, ते पान — तिथे शाई ओली होऊन —

मैना, मी