ग्रिलवरची बारा डझन बिस्कोत्ती

६ जानेवारी, शनिवार

शेगडी बंद. म्हणजे गॅसच बंद. मागची नळी काढून तिच्या तोंडाला पितळी बूच बसवलंय — डेनिसने माणूस बोलावून, माझ्या डोळ्यांदेखत. एकतीस वर्षं शाळेचे बॉयलर सांभाळले, नऊशे पोरं उबेत बसवली, आणि आज पोटच्या पोरीने माझ्याच स्वयंपाकघराचा गॅस तोडला!

कारण काय, तर नाताळनंतरच्या गुरुवारी ती आली तेव्हा शेगडीवर टोप जळून कोळसा झाला होता आणि मी पुढच्या खोलीत खुर्चीत घोरत होतो. टोप ठेवल्याचं मला आठवत नाही. तसं मी तिला सांगितलं, तिथेच चुकलं. ‘आठवत नाही’ म्हटलं की आजकालची मुलं थेट डॉक्टरला फोन लावतात.

ही वहीही तिनेच आणून दिलीय. “पपा, रोज लिहा. काय विसरता ते तरी कळेल.” मी म्हटलं, विसरलेलं लिहायचं कसं? म्हणाली, “वाद घालायचं बरं लक्षात राहतं तुमच्या.”

तीन आठवड्यांनी ब्रिआनाचं लग्न. डेनिसची थोरली, माझी पहिली नात. ते झालं की मी कोलंबसला डेनिसच्या घरी राहायला जायचं, असं ठरलंय. कोणी ठरवलं, विचारू नये. तळघरातली खोली रंगवूनसुद्धा झालीय. फिकट पिवळी. मी काय कोंबडीचं पिल्लू आहे?

९ जानेवारी, मंगळवार

नुन्झी यादी घेऊन आली. नुन्झी म्हणजे माझ्या बायकोची, एर्सीलियाची थोरली बहीण. वय एक्क्याऐंशी, समोरच राहते. आमच्या घराची किल्ली तिच्याकडे पन्नास वर्षं आहे, त्यामुळे बेल वाजवणं तिला माहीत नाही.

यादी कुकीच्या टेबलाची. आमच्याकडे लग्नात केक असतो, पण तो नावापुरता. पाहुणे येतात ते कुकीच्या टेबलासाठी. घराण्यातल्या सगळ्या बायका महिनाभर भाजत बसतात आणि मग हॉलमध्ये एकमेकींचे ट्रे बघून नाकं मुरडतात. कोणी काय करायचं ते नुन्झी ठरवते. तिच्यापुढे बिशपचंही चालत नाही.

माझ्या नावापुढे लिहिलं होतं — बर्फ.

“बर्फ?”

“दोन पिशव्या. पेयांसाठी.”

“आणि एर्सीलियाची बिस्कोत्ती?”

“एर्सीलिया गेली मार्चमध्ये,” नुन्झी म्हणाली. “आणि तुला अंडं उकडता येत नाही. बर्फ आण, ग्वेरिनो. तो तरी करपत नाही.”

हे मला लागलं. चाळीस वर्षं या घराण्यात एर्सीलियाच्या बिस्कोत्तीशिवाय, त्या कडक इटालियन बिस्किटांशिवाय, लग्न झालं नाही. आणि पहिल्या नातीच्या लग्नात तिची जागा रिकामी? तिथे कोणाचे तरी दुकानातले बिस्किटांचे पुडे मांडणार?

डेनिसला फोन केला. म्हटलं, बारा डझन बिस्कोत्ती मी आणतो. याच घरात, माझ्या हातची. एकही करपलेलं नाही, एकही कमी नाही. आणली तर शेगडी परत जोडायची आणि कोलंबसचं नाव काढायचं नाही.

“कशावर भाजणार? खोली तापवायच्या रेडिएटरवर?”

“ते मी बघतो.”

ती पोट धरून हसली. हसता हसता हो म्हणाली. तारीख आणि वेळ इथे लिहून ठेवतो: ९ जानेवारी, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं.

१० जानेवारी, बुधवार

मागच्या अंगणात सिलिंडरवर चालणारं, झाकणाचं ग्रिल आहे. दोन फूट बर्फाखाली. पण आहे.

१३ जानेवारी, शनिवार

फावड्याने ग्रिल उकरून काढलं. सकाळी पारा शून्याच्या खाली. फॅरनहाइटचा शून्य, म्हणजे मिशा कडक होतात तो.

एर्सीलियाच्या हातचं पाककृतीचं कार्ड सापडलं. त्यावर तीन प्रकार — बडीशेप, संत्रं-बदाम, दालचिनी-अक्रोड. बाकी वाचून मी खालीच बसलो. ‘पीठ — निळा डबा. अंडी — असतील तेवढी. भाजणे — रंग येईपर्यंत.’ कसला रंग? कोणाला? पन्नास वर्षं मी या बाईबरोबर राहिलो आणि तिने मला एक वेळसुद्धा सांगून ठेवली नाही.

मळलं. दोन लांब लाद्या थापल्या, ट्रेवर ठेवल्या, झाकण लावलं. दर पाच मिनिटांनी उघडून बघितलं. उघडलं की सगळी ऊब आकाशात. तासाभराने बाहेर काढल्या, तिरके काप केले, पुन्हा आत ठेवून दोन्ही बाजूंनी भाजले. बिस्कोत्ती दोनदा भाजायची असते. नुन्झी तेवढ्यात आलीच. एक तुकडा तोंडात टाकला. चावत राहिली.

“हे सॉसेज आहे.”

“बडीशेप आहे.”

“सॉसेजमध्येही असतेच की. साखर घातलेलं सॉसेज केलंयस तू.”

खाऊन बघितलं. खरं होतं. उन्हाळ्यातली सगळी चरबी ग्रिलच्या जाळीवर तशीच होती.

१४ जानेवारी, रविवार

चर्चला दांडी. जाळी खरवडली, तारेच्या ब्रशने, तीन तास. देव समजून घेईल, नुन्झी घेणार नाही.

दुसरी खेप: वरून कच्ची, खालून कोळसा. कुंपणावरून शेजारचा हुडाक ओरडला, “काय भाजतोस रे एवढ्या थंडीत?” म्हटलं, लग्नाची बिस्किटं. तो आत जाऊन बायकोला घेऊन आला. दोघं कोट घालून उभी राहिली आणि बघत बसली. टीव्हीवर काही नसेल.

विचार केला. बॉयलरमध्ये आगीच्या डोक्यावर कोणी काही ठेवतं का? ऊब फिरवायची असते. मधला बर्नर बंद, कडेचे दोन बारीक. जाळीवर चार विटा, विटांवर ट्रे. आणि झाकणाला हात लावायचा नाही. हे मला पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. पण बिस्किट म्हटलं की पुरुषाची अक्कल गुडघ्यात जाते.

१६ जानेवारी, मंगळवार

आता वारा. वायव्येकडून येतो आणि ज्योत चाटून नेतो. आडोसा शोधला. अंगणात एकच — आमची मदोना, मेरीमातेचा पुतळा. तिची देवळी म्हणजे जुना बाथटब, अर्धा जमिनीत उभा पुरलेला, आतून निळा रंगवलेला. सासऱ्याने केला होता. ग्रिल ओढत तिच्या पुढ्यात नेलं. वारा बंद! झाकणावरच्या तापमापकाचा काटा साडेतीनशेवर जो चिकटला तो हलला नाही.

नुन्झी आली आणि तिने छातीवर क्रूसाची खूण केली. “मातेच्या तोंडाला काजळी लागली!”

“पुसतो.”

“तिच्या तोंडावर धूर सोडतोस? नरकात जाशील.”

“तिथे ऊब तरी असेल.”

नुन्झीने हातरुमाल थुंकीने ओला करून मातेचं नाक पुसलं. मग वळून मला म्हणाली, “किती डझन करायचीत?” बारा, म्हटलं. आत गेल्यावर परत विचारलं. बारा! मुद्दाम छळते.

१७ जानेवारी, बुधवार

जमली. संत्रं-बदाम, तीन डझन. सोनेरी, कडक, मोडलं की टक्कन आवाज. नुन्झी दोन खाऊन म्हणाली, “वाईट नाही.” तिच्या तोंडून हे म्हणजे तोफांची सलामी.

मी अंगणात एकटाच उभा राहिलो थोडा वेळ. रंग कसला ते कळलं. एर्सीलियाला सांगावंसं फार वाटलं.

सिलिंडर बंद केला. दोनदा तपासला. इथे लिहितोय: दोनदा.

१८ जानेवारी, गुरुवार

सकाळी गेलो तर सिलिंडर रिकामा. तोटी उघडी.

वर लिहिलंय, बंद केला. माझंच अक्षर. दोनदा तपासला असंही लिहिलंय. मग उघडली कोणी? मातेने?

म्हणजे डेनिसचंच खरं. टोपही मीच ठेवला असणार. एकतीस वर्षांत एक झडप उघडी टाकली नाही मी. दिवसभर पुढच्या खोलीत बसलो. भीती वाटते. कोणाला सांगितलं नाही.

१९ जानेवारी, शुक्रवार

काही केलं नाही. डेनिसचा फोन आला, उचलला नाही.

२१ जानेवारी, रविवार

नुन्झी बेल न वाजवता आली. मी अजून पायजम्यात.

“बिस्कोत्ती?”

“सोडून दिलं. बर्फ आणतो.”

तिने कोट काढला नाही, खुर्ची ओढली आणि समोर बसली. मला वाटलं, आता टोमणा येणार. पण म्हणाली, “ऊठ, ग्वेरिनो. माझ्या बहिणीची जागा रिकामी राहता कामा नये.” आवाज वेगळाच होता. मी उठलो.

गाडी काढून नवीन सिलिंडर आणला. आता सिलिंडर बंद केला की तोटीची चावी काढतो आणि खिशात घालून झोपतो. माझाच माझ्यावर विश्वास नाही तर असंच करायला हवं.

दुपारी बडीशेपेचं पीठ मळलं. नुन्झीने अर्क घातला. मी दूध आणायला गेलो, येईतो तिने परत घातला. दारातूनच वास आला, डोळ्यांत पाणी! म्हटलं, “घातला होतास की.” म्हणाली, “मला शिकवतोस?” पीठ दुप्पट करून निभावलं.

२५ जानेवारी, गुरुवार

बडीशेप पाच डझन. संत्रं-बदाम चार. दालचिनी-अक्रोड तीन. बारा! डब्यांत मेणकागद घालून भरली. हुडाकची बायको टाळ्या वाजवत होती. मदोनाला साबणाने आंघोळ घातली.

२८ जानेवारी, रविवार

काल लग्न झालं. सगळं लिहायला हवं.

हॉलमध्ये सहा लांब टेबलं, कुकींनी खचाखच. नवरामुलगा नेब्रास्काचा, तिकडे ही पद्धत नाही. त्याची आई टेबलाशी उभी राहून घाबरून विचारत होती, “हे सगळं केकच्या आधी खायचं?” नुन्झीने तिच्या हातात ताट दिलं. “आधी, नंतर, आणि घरी नेऊन सकाळी.”

माझा ट्रे एर्सीलियाच्या जागी ठेवला. खिडकीकडचा कोपरा. म्हाताऱ्या जमल्या. एकीने वास घेतला, “जरा धुराचा वास येतोय का?” दुसरी म्हणाली, “असू दे, मला आवडला.” तिने सहा उचलली आणि रुमालात बांधली. मी समजलो, पास.

पण डेनिस! नवरीची आई, निळा रेशमी पोशाख, केसांत फुलं — आणि मोजत बसली. पैज म्हणजे पैज, म्हणाली. सहा त्या बाईच्या रुमालातली धरून एकशेएकेचाळीस. परत मोजली. एकशेएकेचाळीस.

“तीन कमी, पपा.”

मी घरी चारदा मोजली होती. की नव्हती? डेनिस हसत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर जी कीव दिसली ती मला बघवेना.

तेवढ्यात नुन्झीने पर्स उघडली. पेपर नॅपकिनची पुरचुंडी. तीन बिस्कोत्ती. “उद्याच्या कॉफीला ठेवली होती,” ती म्हणाली. “माझी बहीण नेहमी द्यायची. कसलं बघतेस? टेबलावर ठेव आणि मोज.”

एकशेचव्वेचाळीस.

डेनिसने मला मिठी मारली, सगळ्यांसमोर. “उद्या नाही, परवा गॅसवाला पाठवते. कोलंबसची खोली भाड्याने देते.” ब्रिआना पांढऱ्या पोशाखावर कण सांडत संत्र्याचं खात होती. “नोन्नो,” ती म्हणाली, “हे नोन्नाचंच, आजीचंच आहे. अगदी तेच.” मी रडलो. लाज कसली? माझ्या नातीचं लग्न होतं.

२९ जानेवारी, सोमवार

गॅसवाल्याच्या आधी नुन्झी आली. आज तिने बेल वाजवली.

“टोप मी ठेवला होता, ग्वेरिनो. सूप गरम करायला. तू झोपला होतास. घरी गेले आणि विसरले. सिलिंडरचं माहीत नाही. तेही मीच असेन. माझ्या पोराला, डोमिनिकला सांगू नकोस. तो मला आश्रमात टाकेल.”

गॅसवाल्याला दारातूनच परत पाठवलं. माझी किल्ली तिच्याकडे आहे, शेगडी जोडली तर टोप पुन्हा चढेल. मग तिच्या घरी जाऊन तिच्याही शेगडीची नळी बंद केली. दुपारी ग्रिलवर अंडी केली. दोघांसाठी. उद्यापासून असंच.

संध्याकाळी डेनिसचा फोन. गॅसवाला परत का पाठवला म्हणून आधी चिडली, मग आवाज बारीक झाला. “पपा, खरं सांगा. तो टोप तुम्हीच ठेवला होता ना? कोलंबसचं मग परत बघावं लागेल.”

हो, म्हटलं. मीच.