चित्र संपल्यावरचे संगीत

बर्लिन, ४ नोव्हेंबर १९२८

ती. बाबांस हुल्डाचा सा. न. वि. वि.

माझा चित्रपट शनिवारी आपल्या त्सिटावला लागतो आहे, पण तुम्ही जाऊ नका. जुन्या सिम्फनीवर मी कोळशाने हजारो चित्रे काढली, नुसते वळणारे-उसळणारे आकार. इथल्या समीक्षकाने त्यांची सालटी काढली. तो लिहितो, संगीत ऐकताना ज्याला त्याला आपापले चित्र दिसते; या बाईने ते पुसून स्वतःचे चिकटवले. मला ते खरे वाटू लागले आहे. साबणाच्या जाहिराती काढायचे काम मिळते आहे. पुढच्या चित्रपटाला नाही म्हणणार.

खोकला कसा आहे? रागावू नका.

तुमची हुल्डा


त्सिटाव, ११ नोव्हेंबर

चि. हुल्डा हिस अनेक आशीर्वाद.

नको म्हटलेस तरी गेलो. घरी बसून जीव टांगणीला लागला असता, जाऊनही लागलाच. शेजारच्या पोलमनबाई सोबत होत्या. म्हणाल्या, लेकीचे कौतुक बघायला निघालात की मर्तिकाला, तोंड तरी नीट करा.

दिवे गेले आणि ते करडे आकार वाद्यांबरोबर उठले. माझ्या हातातली टोपी गळून पडली. आवाजाला अंग असते, हे या वयात पाहिले!

पण पडद्यापुढे बसून साथ करणाऱ्या वाद्यवृंदाचे क्नाउटेमास्तर तुला ठाऊकच आहेत. चित्रपटासोबत वाजवायचा वेग लिहून आला होता म्हणे, तरी वाजवले प्रेतयात्रेच्या चालीने. तुझे चित्र संपले, पडदा पांढराफटक झाला आणि संगीत बरेच उरले. रचना मध्येच तोडणे म्हणजे मास्तरांच्या लेखी पाप. आता शिट्ट्या पडणार, पोरीची अब्रू जाणार! खुर्चीखाली शिरावेसे वाटले.

कोणी हलले नाही. सगळे कोऱ्या पडद्याकडे टक लावून बसलेले. पोलमनबाईंचे बोट हवेत कशाच्या तरी मागे फिरत होते. मग मलाही दिसले: छपरावरून बर्फ सावकाश घसरत होता, संपतच नव्हता. तुझ्या चित्रात बर्फ नव्हता गं. परतताना बाई म्हणाल्या, हंस होते, वर उडत गेले. मी म्हटले बर्फ. त्या म्हणाल्या चष्मा बदला. घर येईपर्यंत भांडलो.

मी धड चार इयत्ता न शिकलेला. समीक्षकाशी काय वाद घालणार? पण हीच सिम्फनी बागेतल्या बँडकडून कितीदा ऐकली, तेव्हा डुलकीच लागली. आमचे चित्र तू पुसलेस म्हणतो. अगं, आमच्याजवळ ते होते कुठे?

साबणवाल्यांना इतक्यात होकार देऊ नकोस. थंडीत छाती झाकून बस. या किरकिऱ्या म्हाताऱ्यावर आहे ती माया असू दे.

तुझा बाबा


बर्लिन, १६ नोव्हेंबर

ती. बाबांस सा. न.

साबणवाल्यांना नकार कळवला. नव्या चित्रपटात संगीत ऐन भरात असताना पडदा कोरा ठेवणार आहे. तिथे मी काहीही काढणार नाही. समीक्षक दातओठ खाईल, खाऊ दे.

पहिल्या खेळाला पोलमनबाईंना घेऊन या. काय दिसले ते दोघांनी आधी मला सांगा, मग भांडा.

तुमच्या मायेतली,
हुल्डा