तोंड झाकलेला फोटो

दादा,

नमस्कार करते, पण रागात आहे म्हणून लांबूनच. आईचा गुडघा कसा आहे? वहिनीला मी विचारलंय म्हणून सांग.

डोक्यावर माझं कर्ज आणि तुम्ही समुद्रावर मजा मारता, असं तू फोनवर म्हणालास. मग ऐक ती मजा. लॉजवाल्याची पाण्याची मोटर बंद पडली होती, ती ह्यांनी दुरुस्त करून दिली. त्या बदल्यात चार दिवस गच्चीवरची खोली मिळाली. स्टोव्ह आणि तांदूळ मी घरून नेले होते. तुझा हप्ता तर निघायच्या आदल्या दिवशीच पाठवला होता. सहा वर्षांत पहिल्यांदा हे दुपारी झोपले, त्याचाही हिशोब देऊ का तुला?

मला बोललास त्याचं काही नाही. पैसे घेतलेत, तर ऐकून घेईन. पण माझा फोन बिघडलाय, तो स्पीकरवरच चालतो. तुझं तोंड सुटलं तेव्हा तुझी सात वर्षांची भाची शेजारी बसून जेवत होती.

त्याच संध्याकाळी ती समुद्राच्या पाण्यात मनसोक्त खिदळत होती. मी फोटो काढायला गेले, तर टॉवेल तोंडावर ओढून म्हणाली, "नको ना आई, मामाला दिसेल."

तो फोटो सोबत पाठवतेय. तुझे पैसे आम्ही पै न पै फेडू. पोरीने तोंड का झाकलंय, असं आईने विचारलं तर मात्र तूच सांग.

तुझी धाकटी