दारावरची पाटी

॥ श्री ॥
८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. ताराताईस,
शि. सा. न. वि. वि. फोन बंद ठेवलाय, म्हणून पत्र. दाजींचा गुडघा कसा आहे? पितृपक्ष लागलाय, माझंही पान वाढून मोकळी झाली नाहीस ना?

बमरोलीच्या लूमवाल्यांचं कापड उधारीवर उचलून मी दुकान बंद केलं, हे खरं. धंद्यात होतं असं. आता त्यांचे वकील मी कुठे काय घेऊन ठेवलंय ते हुडकत फिरताहेत. तुझ्या नावावरचा कोसाडचा फ्लॅटही त्यांच्या यादीत आलाय. सोबत प्रतिज्ञापत्र आहे. तू दागिने मोडून फ्लॅट घेतलास, एवढंच त्यात आहे. फुलीपाशी सही करून मामांकडे पाठव. घर तुझंच वाचेल.

पत्र वाचून फाड. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा,
हेमराज

कोसाड, सुरत
१६ सप्टेंबर २०२५

चि. हेमराज यास अनेक आशीर्वाद.
गुडघा तसाच. तुझं पान वाढलं नाही. जिवंत माणसाचं वाढत नाहीत, एवढ्याच कारणाने.

वडिलांच्या शेतावरचा हक्क सोडताना तू बोट ठेवलंस तिथे मी सही केली, वाचलं नाही. हे वाचलं. माझे दागिने म्हणजे एक पोत आणि कानातले. दोन्ही आत्ता अंगावर आहेत.

काल त्या वकिलांकडच्या हर्षदाबेन येऊन गेल्या. मला वाटलं, खोदून खोदून विचारतील. त्यांनी फक्त दारावरच्या 'बंधुप्रेम' पाटीचा फोटो काढला. ताराबाईच्या भावाने भाऊबीजेच्या ताटात फ्लॅटची किल्ली घातली, हे शेजारणींनी त्यांना जिन्यातच सांगितलं होतं. तीन वर्षं मीच ज्याला त्याला ऐकवत होते ना. मूर्ख मी.

सोबत आपल्या गावचे छगनभाऊ होते. तुझ्या उधारीपायी त्यांचे सहाही लूम विकले गेले; आता दुसऱ्याच्या कारखान्यात राबतात. मी चहा ठेवला. त्यांनी घेतला नाही.

सही केलेली नाही. जिवाला जप.
ताई

२७ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पाटी काढून टाक. शेजारणींना सांग, गंमत केली होती. एक सही तुला इतकी जड झाली? मला बुडवून तुला काय मिळणार? तूही रस्त्यावर येशील. आईच्या तोंडात शेवटचं पाणी मी घातलं, तेवढं आठव.
हेमराज

कोसाड, सुरत
१० ऑक्टोबर २०२५

चि. हेमराज,
आशीर्वाद लिहायला हात चालत नाही, तरी लिहिते.

आईला पाणी तू पाजलंस, म्हणून एक दिवस थांबले. मग कोर्टात शपथेवर खरं ते सांगितलं आणि तुझी दोन्ही पत्रं दिली. फाडली नव्हती. फ्लॅट जाणार. दाजी मला एका शब्दाने बोलले नाहीत. उधन्यात भाड्याची खोली बघून आले. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं. पाटी मात्र तशीच आहे. कोर्टाची नोटीस तिच्याखालीच चिकटवलीय.

मामांमार्फत पत्र पोचतं, पण तुझा ठिकाणा लागत नाही, म्हणून समन्स देता येत नाही, असं हर्षदाबेन म्हणाल्या. मी म्हटलं, त्याने आजवर एकही भाऊबीज चुकवलेली नाही.

तेवीस तारखेला ये. कोर्टाचा बेलिफ खाली जिन्यात थांबेल. हे आधी कळवते, एवढी माया अजून आहे. ताट तयार असेल. आधी ओवाळीन, मग त्याला वर बोलावीन.

तुझी ताई,
तारा