अगं म्हटलं की दोघी

२ मार्च, रविवार

मुलगा हुकूम सोडून गेला. तीस तारखेला तो परत येईल तेव्हा गाडी स्वतःच्या जोरावर शेडबाहेर आली पाहिजे. नाही आली तर भंगारवाला येऊन ओढून नेईल. ‘बाबा, शेडमध्ये पाय ठेवायला जागा नाही. आणि ती चालत तर नाहीच.’ हे म्हणाले, ‘ठरलं.’ एवढंच. मग चहात बिस्किट बुडवलं, ते कपातच गळून पडलं आणि हे बशीत शोधत राहिले.

मी भंगारवाल्याच्या बाजूची आहे. इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने म्हणायची सोय नाही. गाडी आम्हा दोघांच्याही आधी जन्माला आली आणि दोघांपेक्षा जास्त लाड तिचेच झाले. लग्नानंतर एकदा, एकदाच, मी ती चालवली. गिअर टाकताना करकर झाली. ह्यांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांचीच दाढ उपटतंय. तेव्हापासून मी कायम शेजारच्या सीटवर, पर्स मांडीवर घेऊन. लायसन्सची मुदत मात्र वेळच्या वेळी वाढवून घेते. निव्वळ हट्ट म्हणून.

४ मार्च, मंगळवार

बॉनेट उघडलं. हवेच्या फिल्टरमध्ये उंदरांचं अख्खं बिऱ्हाड. गादीला माझी लोकरीची टोपी, जी मी गेले कित्येक हिवाळे शोधत होते. उंदरांची आवड चांगली आहे.

ह्यांची पंचाईत अशी, की हे गाडीलाही ‘अगं’ म्हणतात आणि मलाही. ‘अगं, किती गंज चढवून घेतलास.’ मी म्हटलं, घरात आरसा आहे, मला माहीत आहे. ‘तुला नाही गं, हिला.’ दिवसभर हेच. ‘अगं, जरा दम धर.’ धरला. तो पण हिलाच होता.

७ मार्च, शुक्रवार

कामाची वाटणी झाली. गाडीबरोबर आलेलं जुनं पुस्तक मी वाचायचं, हात ह्यांनी चालवायचे. ‘माझा चष्मा सापडत नाहीये.’ चष्मा खिशात होता. दांडी बाहेर डोकावत होती. मी मनात म्हटलं, माणूस आळशी झाला की त्याला बायकोचा आवाज गोड वाटू लागतो, घ्या वाटून.

पण वाचता वाचता हातही माझेच चालायला लागले. प्लग काढले, घासले. त्यांच्या टोकाशी ठिणगीपुरती फट ठेवायची असते, ती पातळ पत्ती घालून मोजायची. ‘तू कर. तुझी बोटं बारीक आहेत.’ लग्न झाल्यापासून माझ्या बोटांविषयी हे पहिलंच वाक्य. मी लगेच भाळले. चारही प्लग करून दिले!

नंतर ग्रीस धुवायला न्हाणीघरात. आमच्याकडे लाल खुणेच्या नळाला गार पाणी येतं आणि निळ्याला गरम. ह्यांनी स्वतः बसवलेत. पाहुण्यांना टॉवेल देतानाच ही माहिती द्यावी लागते.

११ मार्च, मंगळवार

कार्बोरेटर उकळून साफ. टाकीतला गंज साफ. माझ्या नखांची आशा सोडली.

आज प्लगच्या वायरी. जुन्या कुजल्या होत्या म्हणून ह्यांनी सगळ्या उपटून टाकल्या. आता नव्या लावायच्या. एक काळी गोल टोपी आहे, डिस्ट्रिब्युटर, तिच्यातून चारही प्लगना पाळीपाळीने ठिणगी जाते. पाळी ठरलेली, एक-तीन-चार-दोन. पुस्तकात टोपीचं चित्र आहे. ‘ते मला कॅलेंडरच्या पाठीवर काढून दे. मोठं काढ. जाड पेनाने.’ म्हटलं, शाळेच्या भिंतीवर लावायचंय का? मोठं काढलं. ह्यांनी ते नाकाशी धरून पाहिलं, बाजूला ठेवलं आणि टोपीवर बोटं फिरवत वायरी खोचल्या. झरझर, न बघता.

ती बोटं मला ओळखीची आहेत. छापखान्यात हे खिळे जुळवायचे, शिशाची अक्षरं, एकेक उचलून. अक्षर खिळ्यावर उलटं असतं, ओळही उलटीच लावायची, म्हणजे कागदावर नीट उमटते. लग्न ठरलं तेव्हा मी भेटायला गेले होते. माझं नाव जुळवून हातात ठेवलं. मला वाचता येईना. म्हणाले, ‘सुलटंच आहे.’ तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

१६ मार्च, रविवार

पहिला प्रयत्न. हे आत बसले, मी बॉनेटपाशी. स्टार्टर घरघरला, गाडी खोकली, कार्बोरेटरमधून माझ्या तोंडावर थुंकली, आणि मागून असा बार उडाला की शेडवरची कबुतरं पुन्हा दिसली नाहीत.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त न्यायाधीश गॅलरीत आले. ‘कोणी कोणावर गोळी झाडली?’

‘अजून नाही,’ मी म्हटलं.

१७ मार्च, सोमवार

आजही धडाम. भुवया निम्म्या उरल्या आहेत.

१९ मार्च, बुधवार

सगळं परत काढलं, परत लावलं. प्लग, पेट्रोल, वायरी. वायरी ह्यांनी पुन्हा चित्राप्रमाणे लावल्या. तोच खोकला, तोच बार. मी विचारलं, वायरी नक्की बरोबर ना? ‘सुलट्याच आहेत.’ अशा आवाजात, की पुढे विचारायची बिशाद नाही.

संध्याकाळी भंगारवाला माल बघायला आला. मुलानेच पाठवलेला. दारात उभा राहिला तर हे शेडमधून म्हणतात, ‘ये बाळा, आईने चहा टाकलाय.’ भंगारवाल्याच्या मिशा कानापर्यंत, पोट वेगळं चालत येतं. बाळ लाजलं. पण चहा प्यायला. मला वाटलं, हे मुद्दाम खोड काढतायत. मी पोट धरून हसले. हे हसले नाहीत.

मग त्याने मडगार्डवर बोटांनी टकटक केलं, कलिंगड घेताना करतात तसं. ‘पत्रा जाड आहे बाई. तोडायला वेळ लागेल.’ ‘हात काढा,’ मी म्हटलं. माझ्याच आवाजाचं मला नवल वाटलं. दोन तारखेला इथे काय लिहिलंय ते माहीत आहे. बाजू बदलली. पुढे चला.

२३ मार्च, रविवार

आज प्रयत्नच नाही. हे शेडमध्ये स्टुलावर बसून होते, हात मडगार्डवर ठेवून. ‘राहू दे,’ म्हणाले. ‘जाऊ दे तिला.’

हे असं कधी म्हणत नाहीत. छापखाना बंद झाला तेव्हाही म्हटलं नव्हतं. मला भीती वाटली. गाडी गेली तर शेड रिकामी होईल, त्यात मुलगा काय ठेवायचं ते ठेवेल. पण रोज सकाळी उठून मला ‘अगं’ म्हणायला ह्यांना निमित्त काय उरेल? मी रागावले. म्हटलं, माझ्या भुवया गेल्यात, आता मागे फिरायचं नाही. हे जरासे हसले, पण माझ्याकडे बघून नाही, माझ्या जरा बाजूला बघून.

२६ मार्च, बुधवार

सापडलं!

दुपारी हे झोपले होते. मी हात धुवायला गेले, गरम पाणी हवं म्हणून सवयीने निळा नळ सोडला आणि तशीच उभी राहिले, चटका बसेपर्यंत. हे नळ ह्यांनी खोक्यावरचं चित्र बघून बसवले होते. चित्रात लाल एका बाजूला होता, ह्यांनी तो दुसऱ्या बाजूला बसवला. मी ओरडले तेव्हाही हेच उत्तर, ‘सुलटंच आहे.’

जन्मभर कागदावरचं बघून खिळे उलटे लावले. आता कागदावर काहीही दिसलं की ह्यांचा हात ते आपोआप फिरवतो, ह्यांना न विचारता. हे चुकत नाहीत. हे अजून छापखान्यातच आहेत.

कॅलेंडर घेऊन शेडमध्ये धावले. चित्रात पाळी एक-तीन-चार-दोन अशी घड्याळाच्या काट्यांसारखी जाते. टोपीवर तीच पाळी, पण काट्यांच्या उलट! एक आणि चार नशिबाने आपापल्या जागी होते. दोन आणि तीन एकमेकांच्या घरात. म्हणजे चारातले दोन प्लग भलत्या वेळी पेटत होते. त्या दोन वायरी काढल्या, अदलाबदल केली. अर्ध्या मिनिटाचं काम.

ह्यांना सांगायचं की नाही? गुपचूप राहिले तर हे म्हणतील, बघ, मी म्हणत होतो ना. नको. तेवढी संत मी नाही.

२७ मार्च, गुरुवार

सांगितलं. आधी नाक फुगलं. मग टोपीवर बोटं फिरवली, एकेक वायर पार प्लगपर्यंत चाचपत नेली. मग म्हणाले, ‘म्हणजे नळसुद्धा?’

‘नळसुद्धा.’

‘मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?’ मी कपाळाला हात लावला.

हे आत बसले. स्टार्टर दाबला. एक खोकला, आणि सुरू! इंजिन असं एका लयीत चालायला लागलं, की मी ऐकतच राहिले. बॉनेटवर हात ठेवला तर तळव्यात गुदगुल्या. ह्यांचे डोळे मिटलेले होते. म्हणाले, ‘अगं, काय गातेस.’ मी गात नव्हते. यावेळी कळलं.

मी रडले. ग्रीसच्या हाताने डोळे पुसले, ते वेगळंच.

२८ मार्च, शुक्रवार

न्यायाधीश खाली आले. ‘आठवडाभर बार ऐकू आला नाही. सगळे बरे आहेत ना?’

३० मार्च, रविवार

मुलगा आला. इंजिन चालूच होतं. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली. ‘बाबा, काढा बाहेर,’ म्हणाला शेवटी.

ह्यांनी स्टिअरिंगच्या बाजूचं दार उघडलं आणि मला म्हणाले, ‘बस.’ स्वतः बॉनेट चाचपत पलीकडे गेले, माझ्या सीटवर बसले, माझी पर्स मांडीवर घेतली. मला वाटलं, थट्टा.

‘मला रस्ता दिसत नाही गं. गेल्या वर्षापासून. डॉक्टर म्हणाला, आता हे परत यायचं नाही. तुलाच न्यायचंय आता. म्हणून तर तुझ्याकडून सगळं करून घेतलं.’

चष्मा खिशात का असायचा ते तेव्हा कळलं. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

गिअर टाकला. करकर झाली. ह्यांचा चेहरा हलला नाही.

‘अगं, हळू,’ म्हणाले.

कोणाला ते विचारलं नाही. दोघीही हळू झालो.