सासऱ्यांच्या सीडीतली कुजबुज

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर धरलीये, त्यामुळे अर्धाच वाकलोय, उरलेला तू समजून घे.) तुझा गुडघा काय म्हणतो? वहिनीचा खोकला थांबला का? इकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त माझ्याशी कोणी बोलत नाही. त्याचं असं झालं.

माझा जुना सीडी प्लेअर तुला माहीतच आहे. दुकानदार म्हणाला, "साहेब, सीडीवर नुसते आकडे असतात. त्यांचा आवाज करणारा याच्यातला भाग थकलाय. बाहेरून नवा डॅक जोडा. आजवर तुम्ही अर्धंच ऐकत होता." ही म्हणाली, "अर्धं काय कमी होतं?" पण माझ्या डोक्यात एकदा घुसलं ते घुसलं. साबणाच्या वडीएवढी ती डबी आणली, प्लेअरला जोडली (कपाटामागे पालथं पडून, कंबर तिथेच गेली) आणि आवाज असा मोकळा झाला म्हणून सांगू! गायकाने ओठ ओले केलेलेसुद्धा ऐकू यायला लागले.

आता हे सुख एकट्याने कसं भोगायचं? सासू-सासऱ्यांना जेवायला बोलावलं आणि सासरे निवृत्तीच्या समारंभात स्वतः गायले होते ना, ती सीडी लावली. ते डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. पहिल्याच गाण्यात त्यांनी तो लांबलचक सूर धरला आणि त्या सुरामागून, डाव्या स्पीकरमधून, स्वच्छ कुजबुज आली, "हे संपलं की मला उठव." पाठोपाठ घोरणं. (इतकं सुस्पष्ट, की दुकानदाराला दाद द्यावीशी वाटली.)

सासऱ्यांनी डोळे उघडले. "मागे घे," म्हणाले. घाबरून मी आवाजच वाढवला. तीनदा ऐकलं. सासूबाई हसू दाबायला पाणी प्यायल्या, तर त्यांना ठसका लागला. पण माणूस जन्मभर जमिनी मोजत आलेला! त्यांनी दोन्ही स्पीकरच्या बरोबर मधोमध खुर्ची ओढली, बोटाने अंदाज घेतला आणि म्हणाले, "डावीकडून. दुसरी रांग. खिडकीजवळ." मग सावकाश माझ्याकडे वळले. "तिथे कोण बसलं होतं, जावईबापू?"

बारा वर्षं ही सीडी वाजली रे, आणि बारा वर्षं तिथे नुसती खरखर होती. त्या खरखरीचे माझ्यावर केवढे उपकार होते, ते आता कळतंय. त्या दिवसापासून ही माझ्याशी चिठ्ठ्या लिहून बोलते.

वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तब्येतीला जप.

तुझाच,
धाकटा

ता. क. खिडकीजवळ आपण दोघंच होतो आणि आपले आवाज सारखे. फोनवर वहिनीही फसते. म्हणून मी तुझं नाव सांगितलं, पण अजून कोणाला पटलेलं नाही. रविवारी सासऱ्यांचा फोन येईल, तेवढं कबूल करून टाक. (सगळंच काही खोटं नाही. उठव म्हणालो मी, पण लगेच घोरायला लागलास तू.)

आणखी एक. रविवारपर्यंत थांबू नकोस, पत्र मिळताच तूच फोन कर. सासरे सीडीसकट प्लेअर आणि डबी दोन्ही घरी घेऊन गेलेत आणि अजून चार गाणी ऐकायची राहिलीत. तिसऱ्या गाण्याला आपण जागे होतो. तेव्हा मी तुला सासूबाईंबद्दल नेमकं काय सांगितलं होतं, आठवतं का?