देल्मिनाताईसाठी आखलेली सहल

मोंतेफाल्दो,
द्राक्षतोडणीच्या आधीचा रविवार

प्रिय देल्मिनाताई,

तुला नमस्कार, आणि तुझ्या दोन्ही गुडघ्यांना वेगळा नमस्कार, कारण सध्या घरात त्यांचंच चालतं असं तुझी लेक ग्रासिएला कळवते. मी ठणठणीत आहे. ऐकू थोडं कमी येतं, पण या गावात त्याने माणसाचं आयुष्य वाढतं. तिकडे अर्जेंटिनात आता वसंत लागत असेल. अंगावर शाल घेत जा.

तुझं पत्र मिळालं. म्हणे, "गुडघे चालत नाहीत, मग येऊन घरात बसायचं तर इथलंच घर काय वाईट? ऑक्टोबरचं विमान रद्द करते." आणि वर, ग्रासिएलाने कुठल्याशा कंपनीची सहल शोधलीय, बसमधून डोंगरावरची गावं आणि वाइनची तळघरं दाखवतात, ती जमली तर बघू! ताई, मोंतेफाल्दोच्या मुलीने आपलाच मुलूख परक्याच्या बसमधून बघायचा? आई वरून बघतेय, थोडी तरी लाज बाळग. विमान रद्द करायचं नाही. सहल मी आखली आहे. एवढंच नाही, तू येण्याआधी तिची चाचणीही घेतली आहे, आणि काय घडलं ते तुला कळवणं भाग आहे, कारण नाहीतर आमच्या पोलीस चौकीच्या मार्शलकडून कळेल.

माझ्या तीनचाकी टेम्पोत पुढे एकच माणूस मावतं, आणि ते माणूस मी. म्हणून मागच्या हौद्यात बाबांची आरामखुर्ची द्राक्षवेलींच्या दोरीने करकचून बांधली. तोंड मागे केलं, वारा लागू नये म्हणून. आता चाचणीला वजनाने तुझ्याएवढं माणूस हवं होतं (ग्रासिएलाने पाठवलेल्या फोटोवरून अंदाज घेतला, रागावू नकोस), आणि तसं माणूस मला बाजारात भेटलं. आर्जिया तिचं नाव. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, चीज विकते. समोरच्या टेकडीवरच्या कोल्मारोची आहे. हो, त्याच कोल्मारोची. पत्र खाली ठेवू नकोस, पुढे वाच.

बेत असा होता की एका दिवसात चार गावं आणि चार तळघरं. पण पहिल्या गावाला जायचा रस्ता कोल्मारोच्या वेशीतून जातो, आणि आपल्या घरातलं कुणी त्या वेशीतून आत जात नाही हे तू जाणतेसच. (का जात नाही, ते मी परवा आठवायचा प्रयत्न केला. घंटेवरून काहीतरी होतं ना? त्यांची दुपारची घंटा आपल्याआधी वाजते, हेच ना?) म्हणून मी नेहमीसारखा कबरस्तानाकडून जाणारा जुना रस्ता धरला. तो कोल्मारोला पूर्ण वळसा घालतो. मागे बसलेल्या आर्जियाला मात्र सगळा वेळ स्वतःचंच गाव दिसत राहिलं, आणि तिच्या गावाला ती. तटावर कपडे वाळत घालणारी तिची जाऊ ओरडली, "अगं आर्जिया, पळवून नेतोय की काय तो तुला?"

"पळवतोय कसला, घिरट्या घालतोय!" आर्जिया खुर्चीतून ओरडली. कधी नव्हे ते मला सगळं स्वच्छ ऐकू आलं.

पहिल्या गावात, वाइनवाल्या नात्झारेनोच्या तळघरी मी म्हणालो, एकेक घोट चाखतो आणि निघतो. त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या आईबद्दल काही बोललो. "चार गावं? एका दिवसात? टपाल वाटत सुटलायस का रे?" असं म्हणून त्याने टेबलावर कापड अंथरलं. मग सॉसेज आलं, भरून तळलेले ऑलिव्ह आले, ससा आला. नको म्हणायची सोय नाही, थोडं खाऊन उठायची तर मुळीच नाही. त्याच्या बायकोने आर्जियाला विचारलं, "आणि हे तुमचे कोण?" आर्जिया शांतपणे म्हणाली, "हे माझे ड्रायव्हर." मला उगीच वाईट वाटलं. का वाटलं, याचा विचार मी सशाबरोबर गिळून टाकला. उठलो तेव्हा उरलेली तीन गावं पुढच्या जन्मावर गेली होती.

उतारावर मार्शलने अडवलं. दक्षिणेकडचा आहे, नवा आहे, त्याला आमचं काही कळत नाही. "मालाच्या गाडीत माणूस?" म्हणाला. मी घाबरलो, पण आर्जिया हलली नाही. "मी माणूस नाही, साहेब, मी माल आहे. ही खुर्ची दुरुस्तीला चाललीय, तिला कुणीतरी धरून ठेवायला नको का?" त्याने कपाळावर हात मारला. म्हणाला, "आजीबाई, या वेळी सोडतो, पण हे जिथून आलंय तिथे जवळच्या रस्त्याने गुपचूप परत न्या." मी मागे, तो जीपने माझ्यापुढे. आणि जवळचा रस्ता, ताई, कोल्मारोच्या वेशीतून जातो.

मी गेलो आत. आकाश कोसळलं नाही. आर्जियाच्या दारासमोर टेम्पो थांबवला, तिने कॉफी केली (आपल्यापेक्षा चांगली करतात, पण हे गावात बोलू नकोस), आणि आम्ही तिच्या घराशेजारच्या तटावर बसलो. समोर मोंतेफाल्दो. सगळं. मनोरा, चर्च, आपलं अंजिराचं झाड आणि तुझी खिडकी. मी जन्मभर त्या गावाच्या आत राहिलो, म्हणून ते इतकं देखणं आहे हे मला माहीतच नव्हतं. मला रडू आलं, ते तुला सांगायला लाज वाटत नाही. आर्जिया फक्त म्हणाली, "ऊन मावळेपर्यंत बसा. नंतर दिवे लागतात, ते तर अजून बघितलेच नाहीत तुम्ही."

तर ताई, माझी सहल आता एवढीच आहे. एक गाव, एक तट, बसायला उशी. गुडघ्यांचा काही संबंध नाही. तू ये, मला तुला ते दाखवायचंय.

तुझा धाकटा,
ओलिंदो

ता. क. : सहलीचं खरं म्हणजे निमित्त आहे. मी आर्जियाला विचारलं. ती म्हणाली, "तुमच्या ताईंना कोल्मारोची माणसं चालत नाहीत असं ऐकलंय. त्या हो म्हणाल्या तर माझं हो आहे." हे सगळं वर लिहायचं होतं, धीर झाला नाही.

ता. क. दोन : माझ्या जन्माच्या साली बाबांनी आटवलेल्या द्राक्षरसाचं पीप भरून ठेवलं होतं, माझ्या लग्नात फोडायला. दरवर्षी थोडा नवा रस घालून मी ते जिवंत ठेवलं, उगीचच, सवय म्हणून. फोडायचा मान घरातल्या मोठ्याचा असतो. आपल्या घरात मोठं आता तूच उरलीस.

ता. क. तीन : पाद्रीबुवांनी तारीख विचारली. मी सांगितलं, ताईचं विमान उतरेल त्याच्या दुसऱ्या दिवशी.